खोक्याची उचल

माजलगावहून परळीकडे निघालेली लाल एसटी तुम्हाला दिंद्रुडला उतरवते आणि सिरसाळ्याच्या दिशेने धूळ उडवत निघून जाते. साल १९९७. दसरा होऊन आठवडा झालाय. तुमच्या खिशातला फोन म्हणजे आता नुसती काळी काच आहे, त्यावर नेटवर्कची एक रेघ नाही. त्या काचेकडे कुणी बघत नाही. बघतात ते तुमच्या बुटांकडे.

आज बाजार भरलाय. मिरच्यांचा ठसका, जोंधळ्याची पोती, पत्र्याच्या ट्रंका, नवे कोयते. या दिवसांत इथे कोयते आणि ट्रंका जास्त खपतात, कारण गाव लवकरच निम्मं रिकामं होणार आहे. गलक्यातून मधूनच एक आवाज येतो, डबा वाजवल्यासारखा, टुंय-टुंय. तुम्ही त्या आवाजामागे जाता. एक पत्र्याची खोली, दारावर बारदान टांगलेलं. बारदान लावण्याची कारणं दोन. आत उजेड आला की टीव्ही दिसत नाही, आणि बाहेरून टीव्ही दिसला तर फुकट बघणारे गोळा होतात.

"या पावनं. कुठून आलाव?"

मालक विशीतला. टेबलावर सोल्डरची कावी, उघडलेला रेडिओ. टीव्ही दुरुस्ती हा मूळ धंदा, गेम हा जोडधंदा.

"पुण्याहून," तुम्ही म्हणता. ते खोटं नाही, अर्धवट आहे.

"खेळायचं का बघायचं? बघायचे आठ आणे, खेळायचे तासाला पाच."

तुम्ही खिशातलं दहाचं नाणं काढता, पितळी कड आणि मध्ये पांढरं. तो ते उलटंपालटं करतो. "हे काय, यात्रेतलं?" आणखी वीस वर्षांनी हेच नाणं खरं असून गावोगावचे दुकानदार घेणार नाहीत आणि रिझर्व्ह बँकेला खुलासे काढावे लागतील, हे त्याला सांगून उपयोग नाही. मग तुम्ही पाचशेची राखाडी नोट दाखवता. ती बघून तर तो हसतोच.

"राहू द्या. आधी खेळा, मग बघू."

भिंतीला टेकून चार पोरं बसलीयत. ती सरकून तुम्हाला जागा देतात. ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही, त्याच्यापुढे राखाडी खोकं. वर इंग्रजीत 'टर्मिनेटर २' छापलेलं, जरी सिनेमाचा आणि खोक्याचा काडीचा संबंध नाही. दोन रिमोट. एकाचं बटण आत बसलंय आणि त्यावर सायकलच्या ट्यूबचा तुकडा चिकटवलाय. खोक्याच्या पाठीत पिवळी कॅसेट खोचलेली. कॅसेटवर रंगीत चित्र आणि आकडा: ९९९९ इन १.

या आकड्यावर थोडं थांबा. तुम्ही यादी खाली सरकवत नेता. पहिल्या पानावर रणगाड्यांचा गेम, कॉन्ट्रा, मारिओ, गाडीची शर्यत. दुसऱ्या पानावर पुन्हा रणगाडे, फक्त जरा वेगवान. मग कॉन्ट्रा, पण तिसऱ्या टप्प्यापासून सुरू होणारा. मग मारिओ, नाव बदलून. शंभराव्या नंबरवरही तेच, हजाराव्या नंबरवरही तेच. खरे गेम दहा-बारा. पण चिपवर आणखी एक खरा गेम चढवायचा तर जागा लागते आणि जागेला पैसा लागतो. लेबलवर आणखी एक नऊ छापायला काहीच लागत नाही. गिऱ्हाईक कॅसेट दुकानात लावून बघू शकत नाही, त्यामुळे दोन कॅसेटींतली निवड त्या आकड्यावरच होते. बाजारात मापाच्या वर मूठभर टाकणारा जोंधळेवाला तरी बरा, त्याची मूठ खरी असते.

"सेट केवढ्याला पडला?"

"अठराशे. परभणीहून आणला. टीव्ही घरचाच. तीनशेसाठ तास झाले की सेट फुकट." त्याने हिशेब आधीच घातलेला आहे. "पर लाईट कुठं असती रोज? आन् रिमोट तर दर महिन्याला मोडायलेत."

लाइट गेली की तास थांबतो, आली की पुढे चालू. त्यासाठी खडूने दारामागे वेळ लिहून ठेवलेली. या रस्त्याने पुढे गेलात की परळीच्या औष्णिक वीज केंद्राची धुराडी दिसतात, आणि इथे खडू घेऊन लाइटची वाट बघतात. असो.

"तासावर का? एका गेमला एक रुपया का नाही?"

तो भिंतीजवळच्या एका पोराकडे हनुवटी करतो. बारा-तेरा वर्षांचा असेल. "ह्याला एक रुपयात बसवलं तर हा दुपारपस्तोर उठत न्हाई. मरतच न्हाई ह्यो."

मुंबईच्या पार्लरमधल्या उभ्या मशिनींचा हिशेब वेगळा. त्यांचे गेम मुळातच दोन-तीन मिनिटांत माणूस मरावा अशा बेताने बनवलेले असतात, कारण मेल्याशिवाय पुढचं नाणं पडत नाही. घरच्या खोक्यावरचा गेम असा नसतो. तो एकदा विकला की कंपनीला तुमच्या मरण्यात रस उरत नाही. तोच गेम दिंद्रुडच्या खोलीत भाड्याने लावायचा तर मरण विकता येत नाही, वेळ विकावा लागतो. अर्थशास्त्राच्या वर्गात न जाता या माणसाने हे शोधून काढलंय. आणि दोघे मिळून कॉन्ट्रा खेळले तरी पाचच घ्यायचे, म्हणजे पोरं जोडीने येतात आणि खोली भरलेली राहते, हेही.

न मरणारा पोरगा तुमच्याशेजारी येऊन दुसरा रिमोट घेतो. आज रात्री ट्रक येणार, तो सांगतो. आईबापाबरोबर सांगलीकडे कारखान्यावर चाललाय. "तिकडं गेम असतो का ओ काका?"

बारदानाच्या फटीतून समोरचं चहाचं हॉटेल दिसतं. तिथे ऊसतोडीचा मुकादम बसलाय, मांडीवर वही. समोर एक कोयता उभा आहे. इथे कोयता म्हणजे हत्यारही आणि नवरा-बायकोची जोडीही. मुकादम नोटा मोजून देतो, नवरा पुन्हा मोजतो, वहीवर अंगठा उमटतो. ही उचल. हंगाम सुरू व्हायच्या आधी हातात पैसा द्यायचा आणि मग पाच-सहा महिने ऊस तोडून घेऊन तो वळता करायचा. फिटला नाही तर बाकी पुढच्या सालावर चढते. शेजारच्या पोराच्या मुठीतले पाच रुपये तिकडूनच आलेत.

पडद्यावर एकदम मुंग्या येतात. कॅसेट हलली. "काढा, फुंकर मारा, परत घाला," मालक म्हणतो. खरं तर फुंकरीने काही होत नाही, काढून परत बसवल्याने टोकं जुळतात. पण जगभरच्या पोरांनी तीच फुंकर मारलीय. तुम्ही कॅसेट काढता, फुंकता आणि दाबून बसवता.

मुंग्या जातात तेव्हा तुम्ही क्योटोत उभे असता, १५ जुलै १९८३ रोजी. खेळण्यांचं दुकान, आणि तेच खोकं, पण पांढरं आणि मरून, निंटेंडोचं फॅमिली कॉम्प्युटर. किंमत १४,८०० येन. ही कंपनी १८८९ पासून पत्ते बनवत आली आहे. तिचे अध्यक्ष हिरोशी यामाउची यांना खोकं दहा हजार येनच्या आत हवं होतं. ते जमलं नाही, पण त्या हट्टामुळे अभियंता मासायुकी उएमुरा यांनी काय काय छाटलंय बघा. कीबोर्ड नाही, डिस्क नाही. रिमोटसुद्धा वायरने कायमचे जोडलेले, कारण प्लग काढला की तेवढे पैसे वाचतात. दिंद्रुडला ट्यूबचा तुकडा का चिकटवावा लागतो, त्याचा एक धागा असा इथवर येतो.

चिपचा सौदा सगळ्यात धाडसाचा. रिकोह कंपनीला यामाउची म्हणाले, चिप दोन हजार येनला द्या, दोन वर्षांत तीस लाख नग उचलतो. तोवर जपानात एवढं कुठलंच खोकं खपलेलं नव्हतं. लोक हसले. पण भाव असाच पाडतात. माल खपलेला नसताना खपला असं धरून चालायचं आणि त्या भविष्यातल्या ढिगाचा भाव आज मागायचा.

यामाउचींचं मत असं की खोकं कुणालाच नको असतं. लोकांना मारिओ हवा असतो आणि मारिओ खोक्याशिवाय खेळता येत नाही, म्हणून नाइलाजाने खोकं घेतात. तर मग नाइलाजाची किंमत जितकी कमी तितकी बरी. कमाई गेमवर करायची.

यात काही ओळखीचं दिसतं? आधी स्वस्तात हातात द्यायचं, मग हळूहळू वसूल करायचं. हॉटेलात बसलेल्या मुकादमाला ही योजना दोन वाक्यांत समजली असती. त्याने फक्त एक प्रश्न विचारला असता: "आन् गडी पळून गेला तर?"

त्या प्रश्नाने अमेरिका तेव्हा रडकुंडीला आलेली होती. अटारी कंपनीचं खोकं घराघरांत होतं, पण त्याच्या भोकात कुणाचीही कॅसेट बसत असे. अटारीतून बाहेर पडलेल्या लोकांनी १९७९ मध्ये ॲक्टिव्हिजन काढली आणि अटारीच्याच खोक्यासाठी गेम विकायला सुरुवात केली. मग जो तो उठला. बाजारात भिकार कॅसेटींचा महापूर आला, दुकानदारांनी त्या मातीमोल भावात काढल्या आणि १९८३ मध्ये सगळा धंदा बसला. त्याच सप्टेंबरात अटारीने न खपलेल्या कॅसेटी ट्रक भरभरून न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डोच्या उकिरड्यात पुरल्या. २०१४ मध्ये लोकांनी ती जागा उकरली तेव्हा त्या खरंच निघाल्या.

निंटेंडोने यातून धडा घेतला. १९८५ मध्ये खोकं अमेरिकेत नेलं तेव्हा त्यात एक कुलूपचिप बसवली. कॅसेटमध्ये तिची जोडीदार चिप नसेल तर मशिन आपलं आपण पुन्हा पुन्हा बंद-चालू होत राहतं. दुसऱ्या कंपन्यांना गेम काढायचा तर वर्षाला पाचच, कॅसेटी निंटेंडोकडूनच बनवून घ्यायच्या, मोठ्या संख्येने आणि पैसे आधी मोजून. कंपनीकडे वही घेऊन घरी येणारा मुकादम नव्हता. तिने तो चिपमध्ये बसवला.

पण तुमच्यापुढे क्योटोत ठेवलेल्या पांढऱ्या-मरून खोक्यात ते कुलूप नाही. तेव्हा सुचलंच नव्हतं. आणि नेमकं हेच बिनकुलपी खोकं पुढे तैवान आणि चीनच्या कारखान्यांनी उतरवून घेतलं, आतला सगळा पसारा एका स्वस्त चिपमध्ये कोंबला आणि जगभर पाठवलं. रशियात त्याचं नाव डेंडी झालं. चीनमध्ये सुबोर कंपनीने त्याला कीबोर्ड जोडून जॅकी चॅनकडून जाहिरात करवली, कारण आईबाप खेळण्याला पैसे देत नाहीत, कॉम्प्युटर शिकायला देतात. भारतात लिटल मास्टर, टर्मिनेटर अशी नावं लागली.

आता या नकली खोक्याचा हिशेब बघा, तो उलटा आहे. ते बनवणाऱ्याला गेमवर एक पैसा मिळायचा नाही. म्हणून तो उचल देऊच शकत नाही. त्याला नफा खोक्यावरच काढावा लागतो, जोंधळ्याच्या पोत्यावर काढतात तसा, रोख आणि जागेवर. तरीही ते स्वस्त पडतं, कारण डोकं दुसऱ्याने आधीच चालवलेलं असतं. चोरीचा माल म्हणून नाक मुरडायला हरकत नाही. पण कुलूपवाल्या हिशेबात दिंद्रुड कुठेच बसत नव्हतं. निंटेंडोचं खोकं इथे आणून ठेवलं असतं तरी पुढचे गेम विकणारं दुकान नव्हतं आणि घेणारा खिसाही नव्हता. ज्याच्याकडून वसुली होणार नाही त्याला मुकादम उचल देत नाही.

फुंकर. लॉस एंजेलिस, मे १९९५. व्हिडिओ गेमचं ई-थ्री नावाचं पहिलंच प्रदर्शन. सेगाचे टॉम कॅलिन्स्की सांगतात की त्यांचं सॅटर्न आजपासूनच दुकानात, ३९९ डॉलरला. मग सोनीच्या प्लेस्टेशनची पाळी. स्टीव्ह रेस भाषणाला उठतात, फक्त एक आकडा बोलतात आणि खाली उतरतात. २९९. सभागृह टाळ्यांनी दणाणतं. सोनीला हे परवडतं, कारण तिचे गेम सीडीवर आहेत. सीडी छापायला डॉलर-दोन डॉलर लागतात, चिपच्या कॅसेटीला त्याच्या कितीतरी पट.

डॉलर तेव्हा ३१-३२ रुपये, म्हणजे २९९ चे साडेनऊ हजारांच्या आसपास. पण त्याच सुमाराला सेगाचं जुनं मेगा ड्राइव्ह भारतात केवढ्याला आहे? १८,००० रुपये. आयात कराचा ८० टक्क्यांचा डोंगर चुकवायला सेगाने इथल्या शॉ वॉलेसशी करार केला, तरीही अठरा हजार. हो, तीच शॉ वॉलेस, दारूवाली. अठरा हजार आणि अठराशे, एका शून्याच्या फटीतून अख्खा देश निसटला.

पुढची फुंकर जोरात बसते. नोव्हेंबर २००६, प्लेस्टेशन ३. अमेरिकेत महाग मॉडेल ५९९ डॉलरला विकतंय. आयसप्लाय नावाच्या संस्थेने ते खोलून एकेका भागाची किंमत लावली आणि बेरीज ८४० च्या आसपास आली. म्हणजे दर खोक्यामागे २४० डॉलरची उचल. मायक्रोसॉफ्टची तऱ्हा काही वेगळी नाही. २०२१ मध्ये एपिक विरुद्ध ॲपल खटल्यात एक्सबॉक्सच्या अधिकारी लोरी राइट यांनी साक्षीत सरळ सांगितलं की खोकी तोट्यातच विकतो. वसुली गेमच्या विक्रीतल्या वाट्यावर.

भारतात प्लेस्टेशन ३ एप्रिल २००७ मध्ये ३९,९९० ला आलं. आपल्याकडे मात्र चाललं ते त्याच्या आधीचं, प्लेस्टेशन २. सोनीने इथल्या खिशाचा अंदाज घेऊन २००९ मध्ये हैदराबादेत बनलेला हनुमानाचा गेम ४९९ रुपयांना काढला. पण गल्लीत विचारलं जायचं ते एवढंच: "चिप मारलीय का?" मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर चिप बसवून घेतली की कुलूप गेलं. मग कॉपी केलेल्या डिस्का शे-पन्नासला, हव्या तेवढ्या. सोनीच्या बाजूने बघा. खोकं गेलं, गेमची वसुली शून्य. बीडमध्ये याला नेमका शब्द आहे: उचल बुडवली. फरक एवढाच की ऊसतोड्याने बुडवली तर मुकादम त्याच्या दारात येऊन बसतो, बैल सोडून नेतो. चिपवाल्याच्या दारात जपानहून कुणी येत नाही. माझी सहानुभूती कुणाकडे आहे हे सांगायला नको.

आणखी एक फुंकर. जुलै २०१७, पुन्हा दिंद्रुड. आता खोकं तळहातावर मावतं. जिओफोनची घोषणा झालीय: १५०० रुपये अनामत, तीन वर्षांनी परत, म्हणजे फोन फुकट, दरमहा १५३ भरत राहा. यामाउचींचं स्वप्न इथे पुरं झालं, नाइलाजाची किंमत शून्य. थोड्याच दिवसांत मोठ्या फोनवर फ्री फायर येतो. त्यात गेमही फुकट. विकतात ते डायमंड, पात्राचे कपडे, बंदुकीचा रंग. लेबलावरचा तो फुकटचा नऊ आठवतो? तो आता पैसे घेऊन विकला जातो.

आणि खरं खोकं? ते उलट्या पायांनी चाललंय. जीएसटी आला तेव्हा त्यावर २८ टक्के, २०१९ च्या जानेवारीपासून १८. मधेच २०१८ च्या अर्थसंकल्पात सीमाशुल्क १० चं २० टक्के झालं. एका हाताने घेतलं ते दुसऱ्याने थोडं दिलं. प्लेस्टेशन ५ भारतात २ फेब्रुवारी २०२१ ला ४९,९९० ला आलं आणि पुढच्या वर्षी ५४,९९० झालं. पूर्वी खोकं म्हातारं झालं की स्वस्त व्हायचं. प्लेस्टेशन २ हे २९९ डॉलरवरून ९९ पर्यंत उतरलं होतं. चिपा स्वस्त होत जायच्या, उचल हलकी व्हायची. आता चिपा तशा उतरत नाहीत आणि कंपन्यांना थांबायला सवड नाही.

फुंकर मारायची तुमची हौस फिटलीय. तुम्ही कॅसेट काढता, फुंकत नाही, नुसती नीट बसवता.

पत्र्याची खोली. लाइट गेलेली. बाहेर ट्रकचा हॉर्न. पोरगा रिमोट खाली ठेवून बारदान बाजूला सारतो. जाताना मालकाला म्हणतो, "माझी वीस मिनिटं ऱ्हायलीत. लिहून ठेवा."

"लिहिलंय. मे महिन्यात ये."

ट्रकमध्ये ट्रंका चढतायत, शेळीचं पिल्लू, भांड्यांचं बोचकं, पाचटाची झोपडी बांधायचे बांबू. पोरगा वर चढतो आणि दिसेनासा होतो. मालक चिमणी पेटवतो, खडू ठेवतो, खिशातून छोटी वही काढतो आणि तुमच्याकडे वळतो.

"तुमचा तास भरला, पावनं. नाव काय लिहू?"

तुम्ही पुन्हा ते दहाचं नाणं पुढे करता. तो नको म्हणून मान हलवतो, पेन्सिल जिभेला लावतो आणि चिमणीच्या उजेडात लिहितो: पुण्याचे पाहुणे, पाच रुपये, बाकी.